कानामागचं हाड

रविवारी सकाळी गाड्यांच्या डिक्क्या उघडतात
शेफील्डबाहेरच्या चिखलाळ मैदानात,
आणि मी थर्मास काखोटीला मारून
लोकांच्या गेलेल्या आजोबांचे खिसे चाचपत फिरते.

बिस्किटांच्या डब्यात चाव्या, बटणं, बिल्ले,
त्यांच्या तळाशी असतोच एखादा.
भाव विचारायचा नाही लगेच.
आधी नख घालायचं पात्याच्या खाचेत.
नख मोडेलसं वाटलं तर कमान जिवंत आहे.
लोण्यातून आल्यासारखं पातं वर आलं,
तर डब्यात परत.

मग पाठीकडून आभाळासमोर धरायचा.
कमान आणि पितळ यांच्यामधून
उजेडाची चीर दिसता कामा नये.
उघडताना अर्ध्यावर थबकतो का,
मिटताना शेवटच्या बोटभर अंतरात
माझ्या हातून स्वतःला सोडवून घेतो का,
आणि मग तो आवाज.
'टक्' नव्हे, 'टक्' तर कुणीही करतं.
'ट' आणि 'ठ'च्या मधला काहीतरी,
आपल्या बाराखडीत त्याला घर नाही.

हे मला शिकवलं
एका ठार बहिऱ्या माणसानं.

इस्पितळाच्या तळघरात एकतीस वर्षं
मी लोकांचे कान तपासले.
विल्फ्रेड स्टॅनिफोर्थ, वय एक्याऐंशी.
चौदाव्या वर्षापासून घणांच्या शेजारी उभा,
घणांनी कान खाऊन टाकलेले.
काचेच्या खोलीत बसून
मला वाईट वाटू नये म्हणून
मधूनमधून उगाच बटण दाबायचा.

मी कंपनाची टिकली कानामागच्या हाडावर टेकवली.
त्यानं मान वर केली.
कुणी नावानं हाक मारावी तशी.

पुढच्या खेपेला खिशातून चाकू काढला.
हाडाची मूठ, चहाच्या रंगाची, खाचाखाचांची.
ती कानामागे टेकवून मिटला.
उघडला. मिटला.
"आता तू, लव्ह," म्हणाला.

माझ्या कवटीत कुणीतरी
अलगद दार लावून घेतलं.

आता घरात त्रेसष्ट आहेत, हिरव्या बनातीच्या खणांत.
भाजी मात्र मी सुपरमार्केटच्या सुरीनंच चिरते
आणि नवरा दर वेळी तोच विनोद करतो.

विल्फ्रेड गेल्यावर एडना आली.
चाकू पुढे केला, पण सोडेना.
"एक पेनी दे आधी.
फुकटचा चाकू नातं कापतो."
माझी आई म्हणायची, धारेचं काही
हातातून हातात घेऊ नये, खाली ठेव म्हणावं.
तेव्हा टेबलावर चाकू, शेजारी पेनी,
आणि आम्ही दोघी जरा वेळ
दोन्हींकडे बघत बसलो.

जाणकार शिव्या देतील, पण पातं घासत होतं
म्हणून मी एका हिवाळ्यात रिव्हेट काढला.
वाटलं होतं, आतूनही आरसा असेल.
आत कानशीचे ओरखडे, तसेच सोडलेले.
डझनावर पैसे मिळणाऱ्या माणसानं
न दिसणाऱ्या जागेला का वेळ द्यावा?
आणि पितळेवर टोकानं कोरलेला हिशेब:
इतके डझन, इतके शिलिंग,
वजा बाकाचं भाडं,
वजा गॅसच्या दिव्याचे.
मी तीनदा करून पाहिला.
एका पेनीनं चुकलाय,
त्याच्याच तोट्यात.

हिशेब तसाच ठेवून मी रिव्हेट पुन्हा ठोकला.
ठोक थोडी हलकी पडली असावी.
आता तो पूर्वीसारखा बोलत नाही.
की माझेच कान? चार हजार हर्ट्झच्या वर
माझाही आलेख घसरलाय,
मीच काढला, माझ्या सहीचा.

मूठ कानामागे टेकवून पाहते.
नाही, चाकूच.
दुसऱ्या कुणाच्या बिस्किटांच्या डब्यात असा लागला असता
तर मी परत टाकला असता.